राज्य, घर आणि मौन

रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर १९३४ सालीं मुंबईंत अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांनीं विचारलेल्या कांहीं प्रश्नांना त्यांनीं उत्तरें दिलीं होतीं आणि त्यांत समलिंगी आकर्षणाचाही प्रश्न होता, एवढाच अपराध. बचावाला डॉ. आंबेडकर उभे राहिले. तरी खटला हरला आणि कर्व्यांना दंड झाला. त्या प्रश्न विचारणाऱ्या वाचकाचें पुढें काय झालें असेल, हा विचार आमच्या मनांतून जात नाहीं. घरांत कोणाला विचारण्याची सोय बहुधा नसावी, म्हणूनच तर त्यानें मासिकाला विचारलें.

आज कायदा पुष्कळ बदलला आहे. १५ एप्रिल २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. ६ सप्टेंबर २०१८ रोजीं, दोन प्रौढांचा परस्परसंमतीचा समलिंगी संबंध हा गुन्हा नव्हे, असा निर्णय दिला. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं नाकारला गेला. शिक्षा टळली, परंतु शिक्षा न करणें म्हणजेच आपलें म्हणणें काय?

सुशिक्षित गृहस्थाचें उत्तर ठरलेलें असतें: “आमची हरकत नाहीं, ज्याचें खासगी जीवन त्यानें खासगी ठेवावें म्हणजे झालें.” वरकरणी हें न्याय्य वाटतें. परंतु या गृहस्थानें आपल्या दिवाणखान्याकडे एकवार पाहावें. भिंतीवर लग्नांतलें छायाचित्र आहे. लग्नाची पत्रिका तर गांवभर गेलेली. शिधापत्रिकेवर पत्नीचें नांव आहे. मंगळागौरीला आणि बारशाला सारा शेजार जमला होता. हें सर्व खासगी जीवनच कीं! एकाचें वाजतगाजत मिरवावयाचें आणि दुसऱ्याचें झांकून ठेवावयाचें, याला खासगीपणाचें तत्त्व म्हणतां येत नाहीं. हा निव्वळ पंक्तिप्रपंच आहे.

आमच्या परिचयांत एक आई आहे. तिचा मुलगा दुसऱ्या शहरांत आपल्या मित्राबरोबर पुष्कळ वर्षें राहतो. गणपतीला तो एकटाच येतो. परततांना ती मोदकांचा डबा देते, तो नेहमीं दोघांपुरता असतो. पण त्या दुसऱ्याचें नांव तिच्या तोंडून कधीं निघत नाहीं. तिला भित्री म्हणावयास आमची जीभ रेटत नाहीं. एक गोष्ट तिनें खचित केली नाहीं: मुलाला बळेंच बोहल्यावर उभें केलें नाहीं. “लग्न झालें कीं सगळें ठीक होतें” या समजुतीपायीं कितीतरी घरांनीं परक्याची मुलगी आणून तिच्या जन्माचें मातेरें केलें आहे. मौन निरुपद्रवी असतें असें मानणाऱ्यांनीं त्या मुलीला विचारावें.

शासनाचें वागणेंही त्या आईसारखेंच अर्धें आहे. ऑगस्ट २०२४ मध्यें केंद्र सरकारनें स्पष्ट केलें कीं, अशा जोडीदारांना बँकेंत संयुक्त खातें उघडण्यास व एकमेकांचें नांव नामनिर्देशित व्यक्ति (नॉमिनी) म्हणून नोंदविण्यास आडकाठी नाहीं. पण मृत्युपत्र केलेलें नसेल, तर वीस वर्षें बरोबर राहिलेल्यालाही मिळकतींत वारसाहक्क नाहीं. विवाहाच्या प्रश्नावर महाराष्ट्र दिल्लीकडे बोट दाखवूं शकेल. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, सहकारी संस्था हे विषय तर राज्याच्याच हातांतले आहेत. असें असून पोलीस भरतींत तृतीयपंथीयांची सोय करावी, हें डिसेंबर २०२२ मध्यें मुंबई उच्च न्यायालयाला सांगावें लागलें.

सभासद किंवा भाडेकरू कोणाबरोबर राहतो, एवढ्या कारणावरून त्याला घर नाकारतां येऊं नये, असा नियम सहकारी गृहसंस्थांना घालून देण्यास कोणती अडचण आहे, तें आम्हांस दिसत नाहीं. भाडेकरूच्या माहितीच्या कागदावर ‘नातें’ असा एक रकाना असतो. तेथें दोघे असले तर ‘चुलत भाऊ’ आणि दोघी असल्या तर ‘मावसबहिणी’ असें लिहितात. चिटणीस सर्व समजून सही करतो, आणि तो कागद कपाटांत जातो.