जाड तेल

मोटारीला कोणते तेल घालावे हा नीतीचा प्रश्न आहे, असे मला कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो. परंतु गेल्या उन्हाळ्यात माझी जुनी प्रीमियर पद्मिनी विकायची ठरली आणि तेलाच्या एका डब्याने माझी दोन रात्रींची झोप घालवली.

या डब्यावर '२० डब्ल्यू-४०' असे काही लिहिलेले असते. पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहते ते सांगतो. दुसरा, शंभर अंशांपर्यंत तापल्यावर ते किती दाट राहते ते. आमच्या भंडाऱ्यात, जिथे वैशाखात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तिथे दुसऱ्याच आकड्याची चिंता अधिक. नव्या गाड्यांना '०-२०' चे पातळ तेल चालते, कारण त्यांच्या इंजिनातल्या फटी अगदी सूक्ष्म असतात. पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन म्हातारे; बेअरिंग झिजून फटी रुंदावलेल्या. पातळ तेल त्यांतून निसटते, दाब उतरतो आणि खालून ठक्‌ठक् ऐकू येऊ लागते. म्हणजे सर्वांत महाग ते उत्तम तेल नव्हे. ज्याच्या झिजेला जे मानवेल ते त्याच्यापुरते उत्तम.

माझे मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, आता '२०-५०' टाका. आवाज दबते. गिऱ्हाइकाले काई समजत नाई."

गिऱ्हाईक म्हणजे पवनीचा एक तरुण. आईला उपचारांसाठी वरचेवर नागपूरला न्यावे लागते, म्हणून त्याला गाडी हवी होती.

आता गंमत पाहा. गाडी मी ठेवणार असतो, तर हेच जाड तेल निःशंकपणे घातले असते. तिच्या वयाला ते योग्यच होते. डबा तोच, तेल तेच. मग त्यात पाप कुठून शिरले? विकणाऱ्याने आपल्या वस्तूचे दोष का उगाळावेत? घेणाऱ्याला डोळे-कान आहेतच की!

पण 'कान' या शब्दाशी मी अडलो. भंडारा हे पितळेच्या भांड्यांचे गाव. लहानपणी आईबरोबर बाजारात गेलो की ती घागरीवर बोटाचे पेर मारून ऐके. खणखणीत नाद आला तरच घागर घरी यायची. बद्द वाजली की परत. दुकानदार घागरीची कितीही स्तुती करो, वाजवून पाहायला तो कधी अडवत नसे. व्यवहाराची सारी अब्रू त्या एका टिचकीत होती. चिरेवर मेण भरून नाद साधणाऱ्याला बाजारात कोणी कारागीर म्हटले नसते. आणि मी नेमके तेच करायला निघालो होतो: त्याला कान होते, मी त्यांत तेल ओतणार होतो.

औषधानेही खोकला दबतो, हे खरे. पण खोकला आहे हे रोग्याला ठाऊक असते. झीज सोसण्याजोगी करणे ही शुश्रूषा. ज्याला ती पुढे सोसायची आहे त्याच्यापासून ती लपवणे ही फसवणूक. हा भेद तेलाच्या दाटपणात नाही, सांगण्या-न सांगण्यात आहे.

मी त्या मुलाला बोलावले. जुनेच तेल असताना गाडी कारध्याच्या पुलापर्यंत नेऊन आणली, चांगली तापू दिली आणि इंजिन चालू ठेवून त्याला वाकून ऐकायला सांगितले. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग त्याने बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करून मागितला. मी दिला. नंतर त्याच्यादेखतच '२०-५०' घातले.

"गुरुजी, तुमी बुडाले," मिस्त्री म्हणाले. बुडालो असेन. पैसे कमी आल्याचे दोन दिवस वाईटही वाटले. गाडी पवनीच्या रस्त्याला लागली तेव्हा तिचा आवाज खरोखरच दबला होता. पण तो कशाने दबला, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते.