ॲट्रॉसिटी कोणी कोणावर केली?

'त्यानं पाटलाच्या पोरावर ॲट्रॉसिटी केली.' हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडवर नाहीतर कोर्टाच्या आवारात कानावर पडतं. अर्थ कुणालाच विचारावा लागत नाही. एका दलित माणसानं पोलिसांत जाऊन पाटलाच्या मुलाविरुद्ध गुन्हा नोंदवला, एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजीत ॲट्रॉसिटी म्हणजे क्रूर, अमानुष कृत्य. ते ज्यानं केलं तो गुन्हेगार आणि ज्यानं सोसलं तो पीडित. आपल्या बोलण्यात मात्र ज्यानं मार खाल्ला आणि तक्रार दिली, तोच 'ॲट्रॉसिटी करणारा' ठरतो. कर्ता आणि कर्म यांनी जागा बदलल्या, आणि कुणाला त्यात खटकतही नाही. मला ते फार खटकतं. म्हणून या शब्दाचा इथवरचा प्रवास नीट पाहावासा वाटतो.

शब्द मूळचा लॅटिन. काळाकुट्ट, भेसूर दिसणारं या अर्थाच्या धातूपासून तो आला आणि सोळाव्या शतकात फ्रेंचमार्गे इंग्रजीत शिरला. त्याला खरं राजकीय वजन आलं ते एकोणिसाव्या शतकात, वर्तमानपत्रांमुळे. १८५७ साली कानपूरच्या कत्तलीच्या बातम्या लंडनला पोचल्या तेव्हा तिथले रकाने हिंदी शिपायांच्या ॲट्रॉसिटींनी भरून गेले. त्यानंतर इंग्रज फौजांनी गावंच्या गावं जाळली, झाडांना माणसं टांगली, त्याला त्याच वर्तमानपत्रांत बहुतेक वेळा शासन किंवा सूड म्हटलं गेलं. १८७६ मध्ये तुर्की साम्राज्याच्या अनियमित सैनिकांनी बल्गेरियात कत्तली केल्या. माजी पंतप्रधान ग्लॅडस्टननं त्यावर पुस्तिका लिहिली आणि सारं इंग्लंड हादरलं. त्यानंतर काँगो. बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाच्या खासगी मालकीच्या त्या मुलुखात रबराचा ठरवून दिलेला भरणा झाला नाही की माणसांना शिक्षा होई. ॲलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईंनी १९०४ साली तिथं एक छायाचित्र काढलं. एक बाप ओसरीच्या कडेला बसला आहे आणि समोर ठेवलेल्या आपल्या लहान मुलीच्या तोडलेल्या हातापायाकडे पाहतो आहे. त्याच्या चेहऱ्यावर आक्रोश नाही. पाहणाऱ्याला तेच सहन होत नाही. अशी चित्रं सभांतून पडद्यावर दाखवून इंग्लंडात चळवळ उभी राहिली आणि १९०८ साली राजाला काँगोवरची मालकी सोडावी लागली.

या साऱ्या उदाहरणांत दोन गोष्टी समान आहेत. रक्त सांडलेलं आहे, तेही पुष्कळ. आणि करणारा दुसरा कुणीतरी आहे: शिपाई, तुर्क, बेल्जियन राजा. आपल्या घरात, आपल्या माणसानं केलेल्या गोष्टीला हा शब्द लावायची इंग्रजीला सवय नव्हती. पहिल्या महायुद्धात त्यात आणखी एक भर पडली. १९१५ साली ब्रिटिश सरकारनं ब्राइस समितीचा अहवाल काढला. जर्मन सैन्यानं बेल्जियममध्ये जे केलं, त्याच्या वर्णनात पारखून न घेतलेल्या कहाण्या मिसळल्या गेल्या. युद्धानंतर त्या उघड्या पडल्या, तेव्हा लोकांनी सगळंच खोटं मानलं. वास्तविक १९१४ च्या त्या काही महिन्यांत बेल्जियम आणि फ्रान्समध्ये सुमारे ६,५०० निःशस्त्र नागरिक मारले गेले होते, हे इतिहासकारांनी पुढे दाखवून दिलं. पण शब्दाला 'खोटं असेल' हा संशय कायमचा चिकटला. १९४४ साली ज्यूंच्या संहाराच्या खऱ्या बातम्या सांगत फिरणारा लेखक आर्थर कोस्लर ऐकणारे विश्वास ठेवत नाहीत म्हणून हताश होऊन लिहीत होता. त्या संशयाशी आपलीही गाठ पुढे पडणार होती.

आपल्याकडे ॲट्रॉसिटीसाठी 'अत्याचार' हा शब्द होता. गांधीयुगातल्या मराठीत 'अनत्याचारी असहकार' असं लिहीत. म्हणजे अत्याचार म्हणजे उघड हिंसा, हाच सर्वमान्य अर्थ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिलं की हा अर्थ अपुरा आहे. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर पाणी पिऊन परतणाऱ्या दलितांना काठ्यांनी झोडपलं गेलं, ती हिंसा कुणालाही दिसेल अशी होती. पण नंतर तळं 'शुद्ध' करण्यासाठी त्यात शेण-गोमूत्राचे १०८ घडे ओतले, त्याला काय म्हणायचं? त्यात कुणाला ओरखडाही उठला नव्हता. १९३० च्या गोलमेज परिषदेत आंबेडकर आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी निवेदन दिलं. त्यात सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरवा अशी मागणी होती आणि तिचं कलम ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून बेतलेलं होतं. दुकानदार मीठ देत नाही, शेतात काम मिळत नाही, वाट बंद. काठी न उगारता एक वस्ती उपाशी मारता येते. ही गोष्ट तेव्हा जगातल्या कुणी ॲट्रॉसिटीच्या व्याख्येत धरली नव्हती.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदानं अस्पृश्यता संपवली आणि १९५५ साली तिच्याविरुद्ध कायदाही आला. पण तो विहीर, देऊळ, हॉटेल यांच्या दारापर्यंतचा. दलित माणूस मजुरी वाढवून मागू लागला, जमिनीवर हक्क सांगू लागला, तेव्हा जे घडलं त्यापुढे तो तोकडा पडला. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री तमिळनाडूतल्या कीळवेणमणी गावात मजुरीसाठी भांडणाऱ्या शेतमजुरांच्या घरची ४४ माणसं, म्हणजे बायका, मुलं आणि म्हातारे, एका झोपडीत जाळली गेली. पुढे उच्च न्यायालयात जमीनदार सुटले. महाराष्ट्रात १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली ती गावोगावच्या अशाच बातम्यांनी पेटून. १९७८ च्या जुलैत मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्या जळाल्या.

१९८९ चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा या सगळ्यातून आला. त्याचं तिसरं कलम निवांतपणे वाचण्यासारखं आहे. पहिलाच गुन्हा: अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला खाण्यापिण्यास अयोग्य पदार्थ बळजबरीनं खायला किंवा प्यायला लावणं. मग दारात किंवा वस्तीत विष्ठा, घाण, मेलेलं जनावर टाकणं. कपडे उतरवून किंवा तोंडाला रंग फासून धिंड काढणं. जमीन बळकावणं. वेठबिगार. पाणी घाण करणं. घर सोडायला भाग पाडणं. हे कलम लिहिणाऱ्यांना गाव ठाऊक होतं. दुरुस्ती होऊन २६ जानेवारी २०१६ पासून यादी वाढली. डोकं भादरणं, मिशा काढणं, गळ्यात चपलांचा हार घालणं तीत आलं. आणि सामाजिक, आर्थिक बहिष्कारही आला. गोलमेज परिषदेत मागितलेली गोष्ट अत्याचार या नावाखाली यायला पंचाऐंशी वर्षं लागली. युरोपनं परमुलखातल्या कत्तलींसाठी वापरलेला शब्द भारतानं आपल्याच गल्लीतल्या अपमानाला लावला. इतकं धैर्य या शब्दाच्या इतिहासात दुसरीकडे फारसं दिसत नाही.

मग तो उलटा कसा फिरला? एक कारण भाषेतलं. मराठी वर्तमानपत्रांनी बलात्कार हा शब्द टाळायला 'अत्याचार' वापरायचा प्रघात पाडला, त्यामुळे कायद्याच्या मराठी नावातला अत्याचार बोलण्यातून मागे पडला आणि इंग्रजी शब्द पोलीस ठाण्यातून गावात आला. मोठं कारण वेगळं आहे. या कायद्यात अटकपूर्व जामीन नाही आणि तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. गावातल्या प्रतिष्ठिताला आयुष्यात पहिल्यांदा दलिताच्या तक्रारीवरून घर सोडून नातेवाइकांकडे लपावं लागलं. गावाच्या आठवणीत राहिली ती ही पळापळ. धिंड किंवा जातिवाचक शिवी कुणी लक्षात ठेवली नाही, कारण ती नेहमीचीच होती. बोलणारे ज्या बाजूचे, क्रियापद त्या बाजूचं झालं.

खोट्या तक्रारी होतच नाहीत असं मी म्हणणार नाही. कुठल्याही कायद्याखाली होतात. पण सुटलेला प्रत्येक आरोपी म्हणजे एक खोटी तक्रार, हा हिशेब चुकीचा आहे. साक्षीदार त्याच गावचे, त्याच मालकाच्या शेतावर राबणारे. वर्षानुवर्षं खटला रखडला की ते फितूर होतात, आणि तक्रारदारावर चोरीची नाहीतर दरोड्याची उलट केस तयारच असते. २०१६ च्या मराठा क्रांती मोर्चांमध्ये या कायद्यात बदलाची मागणी झाली. २० मार्च २०१८ ला, महाडच्या सत्याग्रहाच्या तारखेलाच, सर्वोच्च न्यायालयानं अटकेपूर्वी परवानगी आणि प्राथमिक चौकशी अशा अटी घातल्या. प्रकरण होतं कराडच्या एका सरकारी महाविद्यालयातलं, एका कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात लिहिलेल्या शेऱ्यावरून सुरू झालेलं. २ एप्रिलला भारत बंद झाला, त्यात माणसं मेली. संसदेनं कायदा पूर्ववत केला आणि पुढच्या वर्षी न्यायालयानंही त्या अटी मागे घेतल्या.

खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला एका दलित कुटुंबातली चार माणसं जमावानं मारली. भंडाऱ्याच्या न्यायालयानं आरोपींना दोषी ठरवलं, पण ॲट्रॉसिटीचं कलम लागू धरलं नाही. २०१० साली नागपूर खंडपीठानंही ते धरलं नाही. खून सूडातून झाले, जातीच्या कारणावरून झाल्याचं सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष निघाला. जी घटना सगळा महाराष्ट्र ॲट्रॉसिटीचं नाव घेताच आठवतो, तीच कायद्याच्या भाषेत ॲट्रॉसिटी नव्हती. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत म्हणूनच दोन बदल झाले. गंभीर गुन्ह्यांच्या कलमात 'जातीच्या कारणावरून' ऐवजी 'जात ठाऊक असताना' असे शब्द आले. आणि आरोपी पीडिताला किंवा त्याच्या घरच्यांना ओळखत असेल, तर जात ठाऊक होती असंच न्यायालयानं गृहीत धरायचं. नव्हती हे आरोपीनं सिद्ध करायचं.