बीज, क्षेत्र आणि भोवताल

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की सटाण्यातल्या घरात हालचाली सुरू होतात. आधी आडून चौकशी, मग गडावर सप्तशृंगीला नवस, मग कुणा जाणत्याचं झाडपाल्याचं औषध, आणि शेवटी दवाखाना. या सगळ्या पायऱ्या चढते ती सून. सोनोग्राफी तिची, थायरॉइडची तपासणी तिची, नळ्या मोकळ्या आहेत का हे पाहणारी दुखरी तपासणीही तिचीच. नवरा सोबत असतो तो गाडी चालवायला आणि बिल भरायला. त्याची तपासणी निघते ती पुष्कळदा नाशिकला गेल्यावर, नव्वदेक किलोमीटरचा प्रवास आणि हातातले कितीतरी महिने खर्ची पडल्यावर. खरं तर वीर्यतपासणी ही या साऱ्यांत सोपी, स्वस्त आणि न दुखणारी. तरीही तिचा नंबर शेवटी लागतो. या क्रमामागे मूल न होण्याचा दोष बाईचाच, ही फार जुनी समजूत आहे. ती कशी ढिली होत गेली आणि कुठे अजून घट्ट बसली आहे हे पाहिलं, तर आज काय करायला हवं तेही कळतं.

ही समजूत आपल्या वैद्यकातून आलेली नाही, हे आधी सांगायला हवं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भधारणेला चार गोष्टी लागतात असं म्हटलं आहे: ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. योग्य काळ, निरोगी गर्भाशय, पोषण करणारा रस आणि सकस बीज. चारही जुळून आल्या तरच गर्भ राहतो. चरकसंहितेनं पुरुषाच्या क्लैब्याचे, म्हणजे नपुंसकत्वाचे, चार प्रकार सांगितले आणि त्यांत बीजाच्या बिघाडाला वेगळी जागा दिली. म्हणजे दोष पुरुषातही असू शकतो हे वैद्यांना ठाऊक होतं. मनुस्मृतीनं मात्र पत्नी वंध्या असेल तर आठव्या वर्षी दुसरी करण्याची मुभा नवऱ्याला दिली. समाजानं वैद्याचं ऐकलं नाही, स्मृतीचं ऐकलं. सुश्रुताच्या चारातलं एक क्षेत्र तेवढं उरलं आणि सगळा दोष त्याच्यावर आला.

महाराष्ट्रात या समजुतीला जाहीर धक्का दिला तो जोतीराव फुल्यांनी. जोतीराव आणि सावित्रीबाईंना मूल झालं नाही. घरच्यांनी दुसऱ्या लग्नाचा आग्रह धरला, तेव्हा जोतीरावांनी ठाम नकार दिला. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात त्यांची भूमिका नोंदवलेली आहे: मूल नाही म्हणून बाईला वांझ ठरवणं निर्दयपणाचं आहे, कारण उणीव नवऱ्यातही असू शकते, आणि तशा वेळी बायकोनं दुसरा नवरा केला तर पुरुषाला कसं वाटेल? पुढे 1874 मध्ये या दांपत्यानं यशवंत या मुलाला दत्तक घेतलं. जोतीरावांच्या हाती ना सूक्ष्मदर्शक होता, ना प्रयोगशाळेचा रिपोर्ट. न्यायबुद्धीनं विचार केला की विज्ञानाच्या आधीही माणूस योग्य जागी पोहोचतो, याचा हा दाखला. कायद्याला तिथवर यायला मात्र पुष्कळ वेळ लागला. मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाला बंदी आली ती 1946 मध्ये.

युरोपात प्रयोगशाळेची वाट सुरू झाली होती, पण तीही सरळ नव्हती. हॉलंडच्या लेव्हेनहुकनं 1677 मध्ये भिंगाखाली शुक्राणू पाहिले. त्यानंतर कित्येक विद्वानांनी असा तर्क केला की अख्खा माणूस सूक्ष्म रूपात बीजातच असतो आणि आई म्हणजे फक्त जमीन. सस्तन प्राण्यांचं स्त्रीबीज फॉन बेअरला दिसलं ते 1827 मध्ये, आणि शुक्राणू व स्त्रीबीज यांची केंद्रकं एकत्र येतात हे हर्टविगनं समुद्री अर्चिनमध्ये दाखवलं 1876 मध्ये. गर्भात दोघांचाही वाटा असतो हे सिद्ध व्हायला भिंगाखालच्या पहिल्या दर्शनापासून जवळजवळ दोनशे वर्षं लागली.

हे ज्ञान मराठी घरात नेण्यासाठी र. धों. कर्वे झिजले. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. 1934 मधल्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. कर्व्यांचा विषय मूल न होऊ देण्याचा होता. पण पुरुषाच्या शरीराबद्दल मराठीत मोकळेपणानं बोलता येतं, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यांना जो विरोध झाला, त्यामागचाच संकोच आज नवऱ्याला वीर्याची बाटली हातात घेताना आडवा येतो.

विसाव्या शतकात दोन नव्या गोष्टी कळल्या. पहिली हार्मोन्सची. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून निघणाऱ्या जीएनआरएच या संप्रेरकाची रचना 1971 मध्ये शॅली आणि गिलेमिन यांच्या प्रयोगशाळांनी उलगडली. 1977 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. हे संप्रेरक तास-दीड तासाच्या अंतरानं थोडं थोडं सुटतं. त्या इशाऱ्यावर पिट्यूटरी ग्रंथी एफएसएच आणि एलएच ही संप्रेरकं सोडते, आणि त्यांच्या हुकमावर अंडाशय आणि वृषण चालतात. ही साखळी कुठेही निसटू शकते. थायरॉइड मंदावला, प्रोलॅक्टिन वाढलं, पोटावर चरबी साठली, पीसीओडीमुळे अंडं वेळेवर फुटलं नाही, तर गाडी अडते. याच साखळीमुळे एक धोका तरुण पोरांना ठाऊक नसतो. जिममध्ये दंड फुगवण्यासाठी बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचून घेतलं, की मेंदूला वाटतं माल पुरेसा आहे. तो हुकूम थांबवतो आणि वृषणातली शुक्राणूंची निर्मिती बंद पडू लागते. पुरुषत्वासाठी घेतलेलं इंजेक्शन बाप होण्याच्या आड येतं.

दुसरी गोष्ट ऑक्सिजनची, आणि तिनं विचाराची दिशाच बदलली. 1943 मध्ये अमेरिकेत जॉन मॅक्लिऑड यांना दिसलं की भरपूर ऑक्सिजनमध्ये ठेवलेले मानवी शुक्राणू हालचाल गमावून बसतात. हायड्रोजन पेरॉक्साइड फोडणारं कॅटलेज हे विकर त्यात घातलं, की ते तग धरतात. जो वायू जगवतो त्याचेच काही अंश शुक्राणूला मारतात. 1969 मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी शरीराचं स्वतःचं संरक्षक विकर, सुपरऑक्साइड डिसम्युटेज, ओळखलं. 1979 मध्ये रॉय जोन्स, थॅडियस मान आणि सहकाऱ्यांनी शुक्राणूच्या आवरणातली मेदद्रव्यं ऑक्सिजनच्या माऱ्यानं कशी विस्कटतात ते दाखवलं. 1987 पासून जॉन एटकन यांच्या कामामुळे पुरुषवंध्यत्वाच्या चर्चेत हा मारा, म्हणजे ऑक्सिडेटिव्ह ताण, कायमचा आला.

शुक्राणूच इतका हळवा का, याला कारणं आहेत. त्याचं आवरण अशा मेदाम्लांचं आहे जी लवचीक असतात, म्हणून शेपटी वळवळते. पण तीच लवकर खराब होतात. वेगासाठी त्यानं अंगावरचा बहुतेक पेशीरस टाकून दिलेला असतो, आणि त्याबरोबर संरक्षक विकरंही गेलेली असतात. डीएनए दुखावला तर तो दुरुस्त करण्याची ताकद त्याच्यात फारशी उरलेली नसते. ताण वाढवणाऱ्या गोष्टी मात्र रोजच्या आहेत: तंबाखू, विडी, दारू, जंतुसंसर्ग, वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरा, म्हणजे व्हेरिकोसील, आणि उष्णता. वृषणाला शरीरापेक्षा दोन ते चार अंश गारवा लागतो. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून आज केलेला बदल तीन महिन्यांनंतरच्या रिपोर्टमध्ये दिसतो.

पण ताण सगळाच वाईट नसतो. स्त्रीबीजात शिरण्याआधी शुक्राणूला जी शेवटची तयारी करावी लागते, तिला याच ऑक्सिजनच्या अंशांची थोडी गरज असते. सटाण्याच्या परिसरातल्या, म्हणजे बागलाणच्या डाळिंब बागायतदाराला हे समजावून सांगायला नको. बहार धरायचा तर पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. ताण कमी पडला तर फूल लागत नाही, जास्त झाला तर झाडच बसतं. आणि सेटिंग, म्हणजे फळधारणा, झाली नाही, की तोच बागायतदार माती पाहतो, मुळाशी सूत्रकृमी आहेत का ते पाहतो, हवामान आठवतो, फवारणीचं वेळापत्रक तपासतो. एकट्या झाडाला तो दोष देत नाही. सुश्रुताचे चारही घटक त्याच्या रोजच्या हिशेबात असतात.

माणसाच्या बाबतीत भोवतालाचा हा हिशेब जगानं मांडला तो एका शेती-औषधामुळेच. कॅलिफोर्नियात लॅथ्रॉप इथल्या कारखान्यात सूत्रकृमी मारणारं डीबीसीपी बनत असे. 1977 मध्ये कामगारांच्या आपसातल्या बोलण्यात आलं, की या खात्यात कुणालाच मूल होईनासं झालंय. तपासणी झाली; कुणाच्या वीर्यात शुक्राणू नगण्य, तर कुणाच्या वीर्यात एकही नाही. हे रसायन प्राण्यांच्या वृषणांना इजा करतं असे निष्कर्ष 1961 मध्येच प्रसिद्ध झालेले होते. सोळा वर्षं कामगारांपर्यंत ते कुणी पोहोचवले नाहीत. अमेरिकेनं 1979 मध्ये त्याचा वापर जवळजवळ थांबवला, तरी मध्य अमेरिकेतल्या केळीच्या बागांमधल्या मजुरांना त्याची झळ बसलीच. वंध्यत्व हा कामाच्या जागेचा, मालकाचा आणि सरकारचाही प्रश्न आहे, हे यातून उघड झालं.

त्यानंतर आकड्यांची मोठी चर्चा झाली. हगाई लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये जगभरातले अभ्यास एकत्र केले. त्यांच्या हिशेबानं 1973 ते 2018 या काळात शुक्राणूंची सरासरी दर मिलीलीटरला 10 कोटी 10 लाखांवरून 4 कोटी 90 लाखांवर आली. मोजण्याच्या पद्धती बदलल्या, नमुने सारखे नव्हते, असे आक्षेप आहेत, आणि ते रास्त आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची खालची मर्यादा 1 कोटी 60 लाख आहे, म्हणजे सरासरी अजून तिच्या वर आहे. घबराट करण्याचं कारण नाही, पण हे दुर्लक्षून चालण्यासारखंही नाही.

आता आपल्या शिवारात पाहा. अर्ली द्राक्षं आणि डाळिंब ही बागलाणची ओळख, आणि दोन्ही पिकं फवारणीवर उभी. बाग मालकाची, ब्लोअर मालकाचा, पण द्रावण कालवणारे हात बहुतेकदा मजुराचे. ड्रममध्ये औषध ओतलं जातं, काठी सापडली नाही तर हातच कोपरापर्यंत आत जातो. नाकाला रुमाल, पायांत स्लिपर, फवाऱ्यानं भिजलेला सदरा दिवसभर अंगावर. दुपारी सावलीला बसल्यावर त्याच तळहातावर तंबाखू मळली जाते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, तेव्हा राज्य हादरलं. मृत्यू मोजले जातात. हळूहळू होणारी इजा सहसा मोजली जात नाही.

उपचार पुढे गेले, हे खरं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात 6 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या चमूच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली, तेव्हा महाराष्ट्राला अभिमान वाटला. 1992 मध्ये ब्रसेल्सच्या चमूनं इक्सी हे तंत्र जाहीर केलं; एकेक शुक्राणू सुईनं स्त्रीबीजात सोडता येऊ लागला. कित्येक पुरुष त्यामुळे बाप झाले. पण नवऱ्याच्या बीजातल्या उणिवेसाठी रोज हार्मोनची इंजेक्शनं घेते ती बायको, भूल घेऊन अंडी काढून घेते तीही बायको. दोष त्याचा निघाला तरी सोसणं तिच्याच वाट्याला राहिलं. म्हणून जे त्याच्या पातळीवर दुरुस्त होण्यासारखं आहे ते आधी दुरुस्त करणं, हा वैद्यकाइतकाच न्यायाचा भाग आहे.

इथे बाजारही टपून बसला आहे. ऑक्सिडेटिव्ह ताण हा शब्द कळला आणि तो कमी करू म्हणणाऱ्या अँटिऑक्सिडंटच्या महागड्या गोळ्यांचे डबे दुकानांत आले. 2020 मध्ये अमेरिकेत 2,370 जोडप्यांवर झालेल्या चाचणीत जस्त आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्यांनी मूल होण्याचं प्रमाण वाढलं नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत अँटिऑक्सिडंटच्या मिश्रणानंही वीर्याची प्रत सुधारली नाही. तंबाखू सोडण्याऐवजी गोळी घेणं सोपं वाटतं, पण ती सोडण्याची जागा गोळी घेऊ शकत नाही.

करण्यासारखं बरंच आहे. पहिल्याच भेटीत दोघांची तपासणी व्हावी, आणि वीर्यतपासणी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात भरवशानं मिळावी. बाईच्या बाबतीत आपल्याकडे गर्भाशयाचा आणि नळ्यांचा क्षयरोग हे मोठं कारण आहे, त्याचं निदान वेळेवर व्हावं. तिच्या वयाचा मुद्दा कोणी टोमण्यासाठी वापरू नये, नियोजनासाठी जरूर वापरावा; पस्तिशीनंतर अंड्यांची संख्या आणि प्रत दोन्ही झपाट्यानं घसरतात. फवारणी करणाऱ्या प्रत्येक मजुराला हातमोजे, मास्क आणि कपडे बदलायला पाणी देणं ही बागायतदाराची जबाबदारी मानली जावी आणि कृषी खात्यानं ती तपासावी.

हे सारं करूनही काही जोडप्यांना मूल होणार नाही, आणि सगळे रिपोर्ट चांगले असताना होणार नाही. विज्ञानाला आज जे माहीत आहे त्याची ती सीमा आहे. त्या सीमेपलीकडे जे आहे ते नशीब, पाप किंवा पायगुण या नावानं बाईच्या पदरात टाकण्याचा अधिकार कुणालाही नाही. कारण सापडलं नाही, तर कारण सापडलं नाही एवढंच डॉक्टरांनी सांगावं आणि घरच्यांनी ऐकावं.