दृष्टीआडचें काम आणि क्षमेची मर्यादा

कोणी आपणांस फसविलें तर त्यास क्षमा करावी, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु जें नुकसान केवळ आपलें नाहीं, त्याचीहि क्षमा करण्याचा अधिकार आपणांस आहे काय? हा प्रश्न आम्हांस एका साइडकारच्या दुरुस्तीमुळें पडला.

आमच्यापाशीं एक जुनी बुलेट मोटारसायकल आहे व तिच्या डाव्या अंगास साइडकार जोडलेली आहे. ज्या वृद्धांस व आजाऱ्यांस मागच्या बैठकीवर बसवत नाहीं, त्यांस आम्ही साइडकारमधून तालुक्याच्या दवाखान्यांत नेतों. पुष्कळ वाचकांनीं असें वाहन १९७५ सालच्या ‘शोले’ चित्रपटांतच पाहिलें असेल. म्हणून त्याची रचना थोडक्यांत सांगतों. साइडकारला स्वतःचें एकच चाक असतें. बाकी सर्व आधार ती मोटारसायकलच्या सांगाड्यावर, बहुधा चार जोडांनीं, घेते. तिचें चाक पुढच्या बाजूस किंचित आंत वळतें ठेवितात. हें माप चुकलें तर गाडी सारखी एका बाजूस ओढते व टायर लवकर झिजतो. डावीकडे वेगानें वळतांना रिकाम्या साइडकारचें चाक जमीन सोडूं पाहतें. म्हणून जाणते लोक तींत वाळूचें पोतें ठेवितात. परंतु जोडच तुटला, तर पोतें काय करणार?

गेल्या पावसाळ्यानंतर खालचा एक जोड सैल झाला, म्हणून तालुक्याच्या एका गॅरेजांत आम्हीं गाडी दिली. मिस्त्री मोठा गोड बोलणारा. वेल्डिंग व नवा बोल्ट यांचे पैसे त्यानें आगाऊ घेतले आणि म्हणाला, “परवां घेऊन जा.” त्या परवांचे पांच आठवडे झाले. प्रत्येक खेपेस उत्तर एकच: “उद्यां नक्की, पाद्रीसाहेब.” शेवटीं गाडी मिळाली, तेव्हां जोडावर नवा काळा रंग चकाकत होता. दुसऱ्या दिवशीं एका वृद्ध बाईंस दवाखान्यांत न्यावयाचें होतें. निघण्यापूर्वीं सहज जोडाखालीं हात घातला, तों बोल्ट तोच, आटे झिजलेला. आणि लोखंडाला गेलेली चीर वेल्डिंग न करितां लांबी भरून रंगाखालीं झांकलेली!

बाईंस आम्हीं एस. टी. नें नेलें. वाटेंत त्या म्हणाल्या, “सोडून द्या, बाबा. त्यालाहि लेंकरें आहेत.” आमचेंहि मन तिकडेच झुकलें होतें, आणि हीच क्षमा असें आम्हांस वाटूं लागलें होतें. परंतु रात्रीं विचार करितां दिसून आलें कीं, त्यांत क्षमेपेक्षां भीडच अधिक होती. पांच आठवड्यांचे हेलपाटे व पैसे आमचे होते. ते सोडणें आमच्या हातीं होतें. त्या चिरेवर मात्र आमच्या मालकीचें कांहीं नव्हतें. तिच्यावर त्या बाईंचीं हाडें विसंबलीं होतीं, आणि पुढें त्या गॅरेजांत गाडी देणाऱ्या अनोळखी माणसांचे जीवहि. त्यांच्या वतीनें उदार होणें म्हणजे परक्याच्या पिशवींतून दानधर्म करणें होय.

म्हणून दुसऱ्या दिवशीं आम्ही एकटेच मिस्त्रीकडे गेलों आणि चार माणसांसमोर न बोलतां त्यास चीर दाखविली. प्रथम तो म्हणाला, “खालीं कोण बघतंय?” आम्हीं विचारलें, “तुमची आई त्यांत बसणार असती तर?” तो गप्प झाला. मग त्यानें सांगितलें कीं, वेल्डिंगवाला काम सोडून गेला होता, आणि आलेल्या कामास ‘नाहीं’ म्हणण्याचें धैर्य झालें नाहीं. अर्धे पैसे त्यानें परत केले. बाकीचे आम्हीं सोडले. परंतु असें काम पुन्हां बाहेर गेलें तर आम्ही गप्प बसणार नाहीं, हेंहि त्यास स्पष्ट सांगितलें.

यांत आमचाहि दोष होता. भिडेनें आम्हीं पावती मागितली नव्हती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें पावती न देणें ही अनुचित प्रथा होय. सदोष कामाबद्दल जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत तक्रार करितां येते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास फी पडत नाहीं. तरी बंधूंनो, पावती घ्यावी, काढलेला जुना भाग परत मागावा, व रंग देण्यापूर्वीं जोड दाखविण्यास सांगावें. हा अविश्वास नव्हे. प्रामाणिक कारागीर यानें रागावत नाहीं.

आणखी एक गोष्ट मनास लागली. “पुढच्या आठवड्यांत येतों” असें आजाऱ्यांस सांगून आम्ही कितीदां गेलों नाहीं! आमचें ‘येतों’ आणि मिस्त्रीचें ‘उद्यां’ यांत फारसें अंतर नाहीं. जें होणार नाहीं त्यास वेळींच ‘नाहीं’ म्हणणें हाहि प्रामाणिकपणाच आहे.

आतां तो जोड दुसरीकडे नीट वेल्डिंग करून घेतला आहे, व प्रत्येक खेपेपूर्वीं आम्ही खालीं वांकून पाहतों. आपलें देणें कोणास माफ करावयाचें असेल तर सुखानें करावें. परंतु दुसऱ्याच्या जिवास धोका असेल तेथें गप्प बसून त्या मौनास क्षमा म्हणूं नये.