आधी आपलं मेन पाडा

मीरा रोडच्या एका सोसायटीत नाना सहाव्या मजल्यावर राहतात. परीक्षा देऊन हॅम रेडिओचा परवाना मिळवलेले. गच्चीवर वीस मीटर लांबीची डायपोल तार आणि रोज सकाळी सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात गप्पा. एका पावसाळ्यात तिथे खरखराट सुरू झाला. एस-मीटरचा काटा नऊच्या खाली उतरेना. नागपूरचा मित्र हाका मारून थकायचा.

नानांनी आरोपी ठरवून टाकले. रेल्वेची पंचवीस हजार व्होल्टची तार, लिफ्ट आणि चौथ्या मजल्यावरच्या मावशींची एलईडी माळ. खरं तर लोकल बंद असतात तेव्हा, रात्री अडीचलाही, तो आवाज होताच. पण माणूस चिडला की घड्याळ बघत नाही. त्यांनी सोसायटीच्या सभेत तक्रार केली. मावशी उठल्या, "नाना, तुम्ही वर बोलायला लागलात की आमच्या टीव्हीच्या स्पीकरमधून तुमचाच आवाज येतो. त्याची तक्रार कुणाकडे करू?"

सभा हसली. सोसायटीचा वायरमन तेवढा हसला नाही. "काका, रेडिओ बॅटरीवर लावा आणि आधी आपलं मेन पाडा."

नानांनी धुसफुसत मेन पाडलं. काटा नऊवरून पाचावर आला.

मग एकेक एमसीबी चढवत गेले, आणि चोर रेडिओच्याच टेबलावर सापडला: राउटरचा स्वस्त अॅडाप्टर. असे अॅडाप्टर वीज सेकंदाला हजारो वेळा तोडत-जोडत असतात. त्यातून उठणारा गोंगाट अडवायचे भाग कंपनीने पैसे वाचवायला गाळले, की सोबतची वायरच अँटेना होऊन तो घरभर फेकते. नानांनी अॅडाप्टर बदलला आणि नव्याची वायर फेराइटच्या कड्यातून दहा-बारा वेढे देऊन घेतली.

उरलेल्या गोंगाटासाठी ते खिशातला ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हच्या रिकाम्या जागी लावून जिना उतरू लागले. पाचव्या मजल्यावर, सीसीटीव्हीच्या अॅडाप्टरपाशी तो किंचाळला. मावशींच्या माळेजवळ मात्र गप्प. कॅमेरे बसवायचा ठराव नानांनीच मांडला होता, हे वायरमनने सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

तोही अॅडाप्टर बदलला. मग उरलेली कडी घेऊन नाना मावशींकडे गेले. स्पीकरच्या वायरीला वेढे दिले, वर जाऊन माइकवर बोलले, खाली फोन केला. "काही ऐकू येतंय?"

"टीव्हीवर बातम्या. तुम्ही नाही."

काटा आता तीनवर असतो. लिफ्ट हलली की सातावर चढतो. तिच्या मोटरच्या ड्राइव्हला फिल्टर लावायचा ठराव पुढच्या सभेत येतोय, आणि तो मावशी मांडणार आहेत.