बांडगूळ, आमरी आणि अभ्यासक

समीक्षेला बांडगूळ म्हणून हिणवण्याची रीत नवी नाही. विरचनावादी वाचनावरील अशाच आक्षेपाला जे. हिलिस मिलर यांनी १९७७ मध्ये ‘द क्रिटिक अ‍ॅज होस्ट’ या निबंधातून उत्तर दिले. ‘परजीवी’ आणि ‘यजमान’ यांसाठीच्या शब्दांच्या व्युत्पत्तीकडे लक्ष वेधून ही दोन टोके एकमेकांत कशी मिसळतात, हे त्यांनी दाखवले. मात्र या दोहोंखेरीज एक तिसरे नातेही निसर्गात आढळते.

बांडगूळ झाडाच्या फांदीत शोषकमुळे घुसवून पाणी व क्षार ओढून घेते. ‘सीतेची वेणी’ ही आमरीही झाडावरच वाढते. पण तिची मुळे सालीला केवळ बिलगलेली असतात आणि पाऊस व दमट हवेतून ओलावा घेतात. झाडाकडून तिला मिळतो तो आधार आणि उजेडाजवळची उंची. प्राण्यांमधील अशा एकतर्फी लाभाच्या नात्याचे विवेचन बेल्जियन प्राणिशास्त्रज्ञ व्हान बेनेडेन यांनी १८७५ च्या ग्रंथात केले. त्यांनी योजलेल्या संज्ञेचा मूळ अर्थ ‘एकाच मेजावर जेवणारे’ असा आहे. मराठीत या नात्याला सहभोजिता म्हणतात.

येथे नैतिक प्रश्न उद्भवतो. ज्याच्याकडून घेतले त्याचे काहीच उणे झाले नाही, तर घेणारा ऋणी ठरतो काय? हानी नाही, म्हणून भरपाई नाही. देणाऱ्याचा संकल्प नाही, म्हणून ते दानही नाही. हा युक्तिवाद सुसंगत असला तरी अपुरा आहे. ‘हानी नाही’ हा निर्णय झाडाचा नसून पाहणाऱ्याचा असतो. शिवाय तो कायमचाही नसतो : अशा वनस्पतींची दाटी वाढली, तर त्यांच्या भाराने फांदी मोडू शकते.

मानवी व्यवहारात तर हा निर्णय बहुधा लाभ घेणाराच देतो. माझा प्रबंध जात्यावरच्या ओव्यांवर उभा आहे. ओवी सांगितल्याने संपत नाही, तेव्हा सांगणाऱ्या बायकांचे काही गेले नाही, अशी समजूत मी अनेक वर्षे करून घेतली. पदवी माझ्या नावाशी जोडली गेली. त्यांची नावे परिशिष्टातही आली नाहीत. त्यांचे काय उणे झाले, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

आमरीला विचारता येत नाही, म्हणून ती निर्दोष आहे. अभ्यासकाला विचारता येते. त्याचे ऋण तेथून सुरू होते.