गाडी ओळखत नाही

बारामतीहून फलटणकडे निघालं की नीरा नदीच्या अलीकडे सांगवी लागते. दोन्ही अंगांना ऊस. धरून चला, इथल्या एका बागायतदाराकडे पंधरा-सोळा वर्षांची जुनी मोटार आहे. रात्रीची लाईट आली म्हणून तो उसाला दारं धरायला गेला आणि चावी खिशातून पडली. पाटात वाहून गेली की सरीतल्या चिखलात रुतली, कोण सांगणार? घरात एक डुप्लिकेट होती, रस्त्याकडेच्या चावीवाल्याकडून कधीतरी करून ठेवलेली. तिनं दार उघडलं. स्टेअरिंगचं कुलूप सुटलं. स्टार्टरही फिरला. पण गाडीनं काही पकडलं नाही, आणि डॅशबोर्डवर चावीचं छोटं चित्र लुकलुकत राहिलं.

चावीत खोट नव्हती. पात्याचे कंगोरे मूळ चावीसारखेच होते. कुलपानं तिला ओळखलं, इंजिनानं नाही.

मूळ चावीच्या प्लास्टिकच्या मुठीत तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते, तिलाच ट्रान्सपॉन्डर म्हणतात. तिच्याजवळ स्वतःची बॅटरी नसते. खिशात, खुंटीवर, उसाच्या सरीत ती निर्जीवच. चावी कुलपात गेली की कुलपाभोवती बसवलेल्या तारेच्या वेटोळ्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि त्यातून चिपला क्षणभर पुरेल एवढी वीज मिळते. तेवढ्या विजेवर ती आपली ओळख सांगते. ती पटली तरच इंजिनाचा संगणक इंधन सोडतो. म्हणजे जिची परीक्षा घ्यायची, तिला बोलायचं बळही परीक्षकच देतो. भक्तिमार्गात ज्याला कृपा म्हणतात, तिचं इतकं रोकडं उदाहरण मोटारीच्या दुरुस्तीच्या दुकानात मिळावं, ही गंमतच.

ओळख नेमकी कशाची असते, हा आपल्याकडचा जुना वाद. ‘तोच हा देवदत्त’ हे दर्शनशास्त्रातलं ठरलेलं उदाहरण. पूर्वी पाहिलेला देवदत्त आज दुसऱ्या गावी, दुसऱ्या वेषात दिसला, तरी मन म्हणतं, तोच हा. नैयायिक म्हणतात, असं वाटतं कारण टिकून राहणारी एक वस्तू खरोखर आहे. बौद्ध तार्किक म्हणतात, कापलेली नखं पुन्हा वाढतात आणि आपण त्यांना ‘तीच नखं’ म्हणतो, तसलाच हा भास. काश्मीरच्या उत्पलदेवानं दहाव्या शतकात या ‘प्रत्यभिज्ञे’वर आख्खं शैव दर्शन उभं केलं. त्याचा दृष्टांत एका स्त्रीचा. ज्याचे गुण ऐकून ती झुरते आहे तो पुरुष समोर उभा आहे, पण हाच तो हे कळत नाही, तोवर त्याच्या असण्याचा तिला काही उपयोग नाही.

उत्पलदेवाच्या मांडणीत ओळखणारा शेवटी स्वतःलाच ओळखतो. मोटारीचा मामला त्याहून सरळ आहे आणि म्हणून जास्त बोचरा. तिथे ओळखणारा एक, ओळख मागणारा दुसरा, आणि निकाल पहिल्याच्या हातात.

वाल्मीकींच्या सुंदरकांडात हा पेच फार बारकाईनं आला आहे. रावण एकदा भिक्षूच्या वेषात येऊन गेलेला. त्यामुळे अशोकवनात समोर आलेला वानर खरंच रामाचा दूत आहे, यावर सीतेचा विश्वास बसत नाही. रूपाचा पुरावा तिच्या लेखी बाद. हनुमान रामाचं वर्णन करतो, मग अंगठी देतो. परतताना तो रामासाठी खूण मागतो, तेव्हा सीता चूडामणी देतेच, पण त्याआधी चित्रकूटावरच्या कावळ्याची हकीकत सांगते. ती तिला आणि रामालाच ठाऊक असलेली गोष्ट.

अंगठी आणि हकीकत यांत जो फरक, तोच पहिल्या पिढीच्या आणि नंतरच्या चिपमध्ये. सुरुवातीच्या चिप एकच ठरलेला आकडा सांगत. तो ज्यानं टिपला त्यानं चावी मिळवली. नंतरच्या चिपला गाडी दर वेळी नवा आकडा विचारते. चिप तो आपल्या पोटातल्या गुपितात मिसळून उत्तर देते, गुपित मात्र बाहेर सांगत नाही. (काटेकोर परीक्षक सीतेचे अर्धे गुण कापेल, कारण तिनं हकीकत हनुमानाला सांगितली तेव्हाच ती दोघांपुरती राहिली नाही.) ही गुपितंही अभेद्य नव्हतीच. 2012 साली नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या संशोधकांनी ‘हायटॅग-2’ या खूप वापरल्या गेलेल्या चिपचं गुपित सहा मिनिटांच्या आत काढून दाखवलं.

शकुंतलेकडे तर अंगठीच होती आणि तीही पाण्यात गेली. पती समोर उभा, पोटात त्याचं मूल, तरी दुष्यंताला ओळख पटत नाही. कालिदासानं नाटकाच्या नावातच ‘अभिज्ञान’ घातलं. दुर्वासाच्या शापानं राजाचा दोष झाकला जातो हे खरं, पण वाचणाऱ्याच्या मनातून तो जात नाही. हरवलं होतं ते राजाच्या स्मरणातून, आणि जाब विचारला गेला तिला.

चावीवाल्याच्या दुकानातला बोलीतला शब्दही असाच फसवा आहे. ‘नवी चावी प्रोग्रॅम करून द्या’, असं गिऱ्हाईक म्हणतं. बारामतीचा कारागीर आधी आरसी बुक आणि आधार मागतो, मग स्टेअरिंगखालच्या खोबणीत स्कॅनरची वायर जोडतो आणि गाडीचा पिन कोड भरून स्क्रीनवरच्या पायऱ्या चढत जातो. अनेक गाड्यांत चिपला तिची ओळख कारखान्यातूनच मिळालेली असते. बदल होतो तो गाडीच्या स्मरणात: तिच्या यादीत एक नाव वाढतं. शिकवायचं असतं ते गाडीला.

कोणी शिकवायचं, याच्या रीती वेगवेगळ्या. फियाटच्या 1990 च्या दशकातल्या काही गाड्यांसोबत लाल मुठीची मुख्य चावी येई, आणि नव्या चावीची ओळख करून द्यायचा अधिकार तिचाच. ही झाली गुरुपरंपरा. फोर्डच्या अनेक जुन्या गाड्यांत रीत निराळी. गाडीला माहीत असलेली एक चावी लावून काही सेकंद ऑन करायची, काढायची. लगेच दुसरी माहीत असलेली चावी लावायची, काढायची. मग ठरलेल्या वेळात नवी चावी आत घालायची. आधी आत असलेल्या दोघींनी साक्ष दिली की तिसरी आत.

सांगवीच्या एका अंगाला बारामती, दुसऱ्या अंगाला नदीपलीकडे फलटण. आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीवरून जाते आणि ज्ञानोबांची फलटणवरून. वारीत कोणी चुकलं तर विचारतात ते दिंडीचा नंबर, रथापुढची की रथामागची. जात विचारायची नाही, वय न बघता एकमेकांच्या पाया पडायचं, ही तिथली रीत. आणि दोन्ही पालख्या ज्या पंढरपुरात पोचतात, तिथे महाद्वारातल्या नामदेव पायरीजवळ चोखोबांची समाधी आहे. देवळाच्या बाहेर.

मंगळवेढ्याला कुसू बांधताना ते कोसळलं आणि वेठीला लावलेले मजूर खाली गाडले गेले, त्यांत चोखोबा होते. साल 1338 सांगितलं जातं. हाडं एकमेकांत मिसळलेली. नामदेव एकेक हाड कानाशी नेत गेले, आणि ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आलं ते चोखोबांचं, अशी परंपरेची कथा. हाडाला रूप नसतं, जातही नसते. आत साठलेलं नाम तेवढं ऐकू येतं. ट्रान्सपॉन्डरच्या जवळ जाणारी याहून नेमकी गोष्ट मराठीत सापडणं अवघड. पण ती तिथेच थांबवली तर अप्रामाणिकपणा होईल. नाम जिवंतपणीही त्यांच्याजवळ होतंच. हयातभर दार उघडलं नाही, कारण दाराच्या यादीत ते नव्हते, आणि ती यादी विठ्ठलानं केलेली नव्हती.

त्यानंतर सहा शतकं शुद्धी, पात्रता, आचार असे सगळे प्रश्न बाहेर उभ्या असलेल्यांनाच विचारले गेले. सानेगुरुजींनी प्रश्नाची दिशा फिरवली. महाराष्ट्रभर दौरा करून त्यांनी मे 1947 मध्ये पंढरपुरात उपोषण मांडलं आणि दहा दिवसांनी अस्पृश्यांसाठी मंदिर खुलं करण्याचं मान्य झालं. ज्याला आत जायला कुणी अडवत नव्हतं, अशा माणसानं ‘यांच्याशिवाय नाही’ म्हणत बाहेर बसावं, ही फोर्डची रीत. साक्ष आतल्यानं द्यायची.

डॉ. आंबेडकरांचा रस्ता याहून कठोर. 1930 साली त्यांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. 1935 मध्ये येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. माझी ओळख पटवायचा हक्क या कुलपाला दिला कुणी, हा तो प्रश्न. साक्षीदारांच्या रीतीत एक उणीव राहतेच: तिसरी चावी आत येते ती पहिल्या दोघींच्या भलेपणावर. त्या आल्याच नाहीत तर? तरीही 1948 च्या ‘द अनटचेबल्स’ या पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत आंबेडकरांनी नंदनार आणि रविदास यांच्यासोबत चोखोबांचं नाव घातलं. देवळाच्या यादीबाहेर राहिलेलं नाव दुसऱ्याच एका यादीत सन्मानानं आलं.

बागायतदाराचं काम तासाभरात उरकतं. पैसे घेण्याआधी कारागीर विचारतो, जुन्या चाव्या पुसून टाकू का? हरवलेली चावी भलत्याच्या हाती पडली तर, म्हणून विचारायचं. बागायतदार हो म्हणतो, कुणीही म्हणेल. गाडीच्या स्मरणातून जुन्या चाव्या जातात, स्क्रीनवर एकच आकडा उरतो.

हंगामात कारखान्याची टोळी येते आणि फड मोकळा होतो. पाचटाखाली, सरीच्या तळाशी ती चावी सापडते, मुठीवर वाळलेली माती. धुऊन, पुसून बागायतदार ती गाडीला लावून बघतो. दार उघडतं. स्टार्टर फिरतो. डॅशबोर्डवर चावीचं चित्र लुकलुकायला लागतं.